श्वासातून आत गेलेल्या जंतूंचं फुफ्फुसात पुढे होतं काय?

शंकेखोर:
आपण दिवसाला साधारण १० हजार लिटर हवा आत घेतो, त्यात जंतू, बुरशीचे बीजाणू, धूळ सगळंच असतं, मग रोज न्युमोनिया का होत नाही? नाकातले केस न् शेंबूड अडवतात हे माहितीये, पण जे पार तळाशी वायुकोशात (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) पोचतात त्यांचं काय? आणि तिथे पांढऱ्या पेशी सतत लढत असतील तर सूज कशी येत नाही?

रक्तपेशी:
मोठे कण वरच म्युकसला (शेंबडासारख्या चिकट थराला) चिकटतात, सिलिया म्हणजे श्वासनलिकेतले हलणारे सूक्ष्म केस त्यांना घशाकडे ढकलत राहतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. खरा प्रश्न १ ते ५ मायक्रॉनवाल्यांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बरेचसे बॅक्टेरिया नेमके याच मापाचे. वायुकोशात सिलिया नाहीत, म्युकसही नाही, तिथली भिंत इतकी पातळ की ऑक्सिजन सरळ रक्तात जावा. तिथे पहारा देतात अल्व्हिओलर मॅक्रोफेज, म्हणजे वायुकोशातल्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. सरफॅक्टंटमधली (वायुकोशाच्या आतल्या पातळ द्रवथरातली) एसपी-ए आणि एसपी-डी ही प्रोटीन्स जंतूला चिकटतात, त्यामुळे मॅक्रोफेजला तो पकडणं सोपं जातं, मग गिळायचा आणि लायसोसोममधल्या (पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीतल्या) ॲसिड न् एन्झाइम्सनी विरघळवून टाकायचा.

सुजेचं विचारलंस ते फार बरं केलंस, मला यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. या पेशी मुळात शांत ठेवलेल्या असतात, आजूबाजूच्या पेशी त्यांना टीजीएफ-बीटा वगैरे सिग्नल देऊन दाबून धरतात, त्यामुळे थोडे जंतू आले तर आरडाओरडा न करता गिळून मोकळ्या. आकडा हाताबाहेर गेला तरच सायटोकाइन (धोक्याचा निरोप देणारी प्रोटीन्स) सोडून रक्तातून न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी बोलावतात. न्युमोनियाच्या एक्सरेत जो पांढरा डाग दिसतो तो मुख्यतः या पेशी आणि त्यांच्याबरोबर झिरपलेलं पाणी. लढाई संपली की मेलेले न्यूट्रोफिल गिळून साफसफाई करायचं कामही परत मॅक्रोफेजचंच!

निरीक्षक:
यात भर घालतो. उंदरांत दिसलंय की या मॅक्रोफेज पेशी जन्माच्या आधीच्या यकृतातल्या मोनोसाइटपासून (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून) बनतात, जन्मानंतर लगेच फुफ्फुसात स्थिरावतात आणि पुढे तिथेच विभाजन होऊन टिकतात. शिवाय वायुकोशांपेक्षा त्या संख्येने कमी असतात, म्हणून एका कोशातून दुसऱ्यात सरपटत गस्त घालतात. जीएम-सीएसएफ हा सिग्नल बंद पडला तर त्या नीट तयार होत नाहीत, जुनं सरफॅक्टंट साचून दम लागतो, आणि इन्फेक्शनचा धोकाही वाढतो.

शंकेखोर:
मस्त समजलं दोघांचं! मग टीबीचा जंतू यातून कसा सुटतो?

रक्तपेशी:
तो सुटत नाही, आतच राहतो. मॅक्रोफेजने गिळलं की ज्या पिशवीत तो असतो तिला लायसोसोम जोडूच देत नाही आणि तिथेच वाढतो. नंतर टी पेशी (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) येऊन इंटरफेरॉन-गॅमा हा सिग्नल सोडतात तेव्हा मॅक्रोफेजला जोर येतो, म्हणूनच एचआयव्हीत टी पेशी घटल्या की टीबी उसळतो. फ्लूचं वेगळंच, त्यात मॅक्रोफेज मरतात किंवा नीट काम करेनासे होतात आणि मागून न्युमोकोकससारखे बॅक्टेरिया शिरतात, १९१८ च्या साथीत बहुतेक मृत्यू असल्याच न्युमोनियाने झाले. त्यामुळे फ्लू उतरून दोन-चार दिवस बरं वाटल्यावर परत ताप चढला, धाप लागली, तर घरी बसून वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे जा.