खुडूक कोंबडी खात नाही म्हणून

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी दोन दिवस खात नाही, हातानं भरवू का, असं एकानं विचारलंय. नका भरवू. ती दिवसातून एकदाच उठते, तेवढ्यात दाणापाणी उरकते अन् एक भलीमोठी, घाण वासाची शिट टाकते. तो आजार नव्हे.

आमची तर उठायचीच नाही. मग मीच सकाळी उचलून ज्वारीपुढं ठेवायचो. उचलण्याआधी पंखाखाली हात फिरवा, माझं एक अंडं तिथंच अडकून पडलं अन् फुटलं. अंडी देणं बंद असतं, त्यामुळं उबवणीचे हे २१ दिवस लेयरचं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य कशाला? ज्वारी, मका, कणी पुरे.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र टिनाखाली बसवू नका. सावलीत तणसाची टोपली, अन् पाणी दुपारी बदलाच, तापतं ते.