मदत हवी आहे: मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बाहेर, इंटरफेरॉन मात्र ढिम्म

काठावरचा_कावळा: रोटेनोन (मायटोकॉन्ड्रियाचं काम अडवणारं विष) दिल्यावर सायटोसोलमध्ये (पेशीतल्या द्रवात) मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाढलेला स्पष्ट दिसतोय. वेस्टर्नवर (प्रथिन दाखवणारी चाचणी) सीगॅस, म्हणजे बाहेर आलेला डीएनए ओळखून इंटरफेरॉन चालू करायला लावणारं प्रथिन, आहे. तरी क्यूपीसीआरमध्ये (जीन किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे विषाणूविरोधी इशारा देणारं प्रथिन, हलत नाही. का? सोमवारी गाईडसमोर बसायचंय. 'आधी रिव्ह्यू वाचा' म्हणू नका, वाचलेत.

शंकासुर: पेशी कुठल्या? किती तास? सायटोसोल वेगळा कशाने केला? डिजिटोनिन (पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं रसायन) जास्त झालं की मायटोकॉन्ड्रियाही फुटतात.

काठावरचा_कावळा: कॅन्सरच्याच पेशी. डिजिटोनिनच, पण त्या भागात सायट्रेट सिंथेजचा (मायटोकॉन्ड्रियाच्या आतलं प्रथिन) बँड नाही, म्हणजे स्वच्छ आहे. मुद्द्यावर या ना.

निवांत: रोटेनोनचा नाद सोडा. एबीटी-७३७, जोडीला एमसीएल-१चा इनहिबिटर (दोन्ही पेशीला मरणापासून वाचवणारी प्रथिनं अडवतात) आणि कॅस्पेज (मरणाऱ्या पेशीतली प्रथिनं कापणारी एन्झाइमं) इनहिबिटर द्या. मग बॅक्स-बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतात, डीएनए सुटतो. कॅस्पेज चालू राहिले तर इंटरफेरॉनचा आवाज दाबतात, हे २०१४ पासून माहीत आहे.

शंकासुर: अहो, डीएनए सुटलाच आहे त्यांचा. अडलंय पुढे.

आरएनएवाली: सगळे डीएनएच्याच मागे! मायटोकॉन्ड्रियाचा दुपदरी आरएनए एमडीए-५ (असा आरएनए ओळखणारं प्रथिन) आणि मॅव्ज (त्याचा निरोप पुढे नेणारं) यांच्यामार्गे इंटरफेरॉन चढवतो. फ्युमरेट हायड्रेटेज हे एन्झाइम अडवलं की मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) आरएनए बाहेर पडतो, मूत्रपिंडाच्या पेशींत ते जीनच उडवलं तर डीएनए. दोन्ही कामं २०२३ची.

सात्त्विक: साखर बंद करा. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, हे वॉरबर्ग या शास्त्रज्ञाने कधीच सांगून ठेवलंय.

निवांत: डिशमधल्या पेशींना उपास घडवायचा का?

शंकासुर: कावळेबुवा, सेल लाइनचं नाव सांगा!!

काठावरचा_कावळा: ए५४९. त्याने काय फरक पडतो?

शंकासुर: सगळाच. ए५४९मध्ये केरास हे कॅन्सर वाढवणारं जीन बदललेलं आणि एलकेबी-१ हे कॅन्सर रोखणारं जीन गेलेलं. अशा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मायटोकॉन्ड्रिया आधीच बिघडलेले असतात, डीएनए गळत असतो. पेशी त्यातून निभावतात ते स्टिंगच (सीगॅसचा निरोप ऐकणारं प्रथिन) गप्प करून. डीएनएमटी-१ आणि ईझेडएच-२ ही एन्झाइमं त्याचं जीन बंद ठेवतात. २०१९ मध्ये आलंय हे. तुमचा सीगॅस ओरडत असेलही, ऐकणारा नाही. स्टिंगचा वेस्टर्न लावा. सीगॅम्प (सीगॅस बनवतो तो निरोपाचा रेणू) थेट पेशीत घालून टीबीके-१चं (स्टिंगच्या पुढचं एन्झाइम) फॉस्फोरिलेशन, म्हणजे ते चालू झाल्याची खूण, बघा. पॉली-आयसी (कृत्रिम दुपदरी आरएनए) पेशीत ट्रान्सफेक्ट करून इंटरफेरॉन वाढला तर आयआरएफ-३ (इंटरफेरॉनचं जीन चालू करणारं प्रथिन) ठीक आहे. मग डेसिटाबीनने (डीएनएमटी-१ अडवणारं औषध) स्टिंग परत येतं का तपासा.

निवांत: डेसिटाबीन नको. त्याने जीनोममधले जुने रेट्रोव्हायरस जागे होतात, त्यांच्या दुपदरी आरएनएनेच इंटरफेरॉन वाढतो. स्टिंगमुळे वाढला की त्याने, कसं ठरवणार? एलकेबी-१ परत घाला, ते चोख.

आरएनएवाली: बघा, आला ना शेवटी आरएनए!

शंकासुर: स्टिंग नॉकआउटमध्येही (स्टिंगचं जीन उडवलेल्या पेशींत) डेसिटाबीन लावा, कळेल. एलकेबी-१ची स्टेबल लाइन (ते जीन कायम टिकवणाऱ्या पेशी) सोमवारपर्यंत होते का?

काठावरचा_कावळा: भांडण नंतर. शेजारच्या लॅबमध्ये स्टिंगची अँटीबॉडी आहे. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून टीएचपी-१ (रक्ताच्या कॅन्सरची सेल लाइन) चालेल?

शंकासुर: चालेल, तिच्यात स्टिंग भरपूर असतं. आणि तास किती ते अजून सांगितलं नाहीत.