चोंगकिंगमध्ये श्याव म्येन मागवताना मांस कसं टाळायचं?

रानमेवा: पुढच्या महिन्यात कामासाठी चीनमधल्या चोंगकिंगला मुक्काम आहे. तिथल्या सकाळच्या तिखट नूडल्स, म्हणजे श्याव म्येन, खायच्या आहेत. अंडं चालतं, मांस नाही. चिनी अजिबात येत नाही. तिखटाची भीती नाही, पण टपरीवर सांगायचं कसं?

खादाडखाऊ: नूडल्स उकळत असतानाच रिकाम्या वाडग्यात सोया सॉस, मिरचीचं लाल तेल, ह्वाच्याव या तिरफळासारख्या मसाल्याची पूड, आलं-लसणाचं पाणी, शेंगदाणे, मोहरीवर्गीय भाजीचं लोणचं आणि बऱ्याचदा डुकराची चरबी पडलेली असते. वाडगा हातात आल्यावर 'हे काढा' म्हणून उपयोग नाही, आधीच सांगा. शिवाय 'मांस नको' म्हटलं की फक्त वरचा खिमा जातो. चरबी वेगळी सांगावी लागते आणि हाडांचं सूपही.

फोनवर चिनी लिपीत चार ओळी तयार ठेवा: मांस नको, डुकराची चरबी नको, हाडांचं सूप नको, कोरडं द्या. कोरड्याला 'कान ल्यू' म्हणतात, त्यात सूपचा प्रश्नच मिटतो. बोलून दाखवण्यापेक्षा फोन दाखवा, सूर चुकले की समोरच्याला काही कळत नाही.

वाडगा वजनावर मिळतो. एक ल्यांग म्हणजे 50 ग्रॅम. 'अर् ल्यांग' (100 ग्रॅम) नाश्त्याला पुरतं, भूक मोठी असेल तर 'सान ल्यांग' (150 ग्रॅम).

तिरफळप्रेमी: तिखटाची भीती नाही म्हणताय, पण ह्वाच्याव वेगळं प्रकरण आहे. आपल्या तिरफळाच्याच कुळातलं, जीभ बधिर करणारं. पहिल्या दिवशी 'वेइ ला', म्हणजे कमी तिखट, मागा. तिथलं 'कमी'सुद्धा सौम्य नसतं. बधिरपणा नकोच असेल तर 'पु याव ह्वाच्याव'. आणि वाडगा आल्या आल्या तळापासून ढवळा, नाहीतर वर फिकं, खाली जाळ, आणि नूडल्सचा गोळा.

पासपोर्टवाला: पैशांसाठी निघण्याआधीच अलीपे हे चिनी पेमेंट अ‍ॅप घेऊन त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. पासपोर्टची पडताळणीही इथेच उरका. 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला परदेशी कार्डावर जादा शुल्क नाही, नूडल्स त्याच्या कितीतरी आत. गूगल तिथे उघडत नाही, म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी आधीच उतरवून घ्या. टेबलावरच्या क्यूआर कोडवरून मागवणार असाल तर शेवटी शेरा लिहायची चौकट असेल तिथे त्याच चार ओळी चिकटवा.

रानमेवा: लानचौ नूडल्सची हिरव्या पाटीची हलाल दुकानं सुरक्षित ना?

खादाडखाऊ: डुकराच्या बाबतीत हो. पण तिथलं सूप गोमांसाचं असतं, तुमच्या कामाचं नाही. श्याव म्येनवर अंडं हवं असेल तर 'च्येन तान' म्हणा, तळलेलं मिळेल. ते कशात तळलंय हे मात्र त्या ओळींत येत नाही, तेवढी पाचवी जोडा.