मदत हवी आहे: आजोबांची लष्करी वाहतूक कंपनी कोणती होती?

नमस्कार. आम्ही कळव्याचे. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं डिस्चार्ज बुक सापडलं. ‘रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, ड्रायव्हर’ एवढं वाचता येतं, कंपनीचा आकडा वाळवीनं खाल्लाय. १९४४ मध्ये ईशान्येत जपान्यांशी लढाई चालू असताना दिमापूरच्या रेल्वे स्टेशनपासून डोंगरातून वर कोहिमा-इंफाळकडे रसद न्यायची ती याच कोअरच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय सैन्याच्या रसद-वाहतूक विभागाच्या, ट्रकांनी. जपान्यांनी कोहिमाजवळ रस्ता तोडला आणि २२ जूनला खुला होईपर्यंत इंफाळला सगळं विमानानं पोचवावं लागलं. लढाईच्या वर्णनात हे ड्रायव्हर कुठे दिसत नाहीत, फार वाईट वाटतं. आजोबा फक्त घाटातल्या चिखलाबद्दल बोलायचे.

सर्व्हिस नंबर शाबूत आहे. त्यावरून कंपनी शोधता येते का? रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कुणी केलाय? आई ८१ वर्षांची आहे, तिला वडिलांबद्दल हे कळायला हवं.