दुधाच्या दातांची कीड: तुमच्याकडे काय झालं?

लेक साडेतीन वर्षांची. मध्यंतरी हसताना तिच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." मीही त्यावर तीन आठवडे काढले. मग एका रात्री अडीच वाजता ती गाल धरून उठली आणि सकाळपर्यंत कुणीच झोपलं नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधी पडणार आहेत?" मला वाटत होतं सहा-सात वर्षांची झाली की. ते खरंय, पण पुढच्या दातांचं. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे हीच किडकी दाढ घेऊन तिला अजून सात-आठ वर्षं जेवायचं होतं. इतकं साधं गणित मी केलंच नव्हतं.

शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या मुलांचे तुमचे अनुभव लिहा. चुका जास्त लिहा, त्यांचाच उपयोग होतो.

दोन मुलांची आई

आमची चूक म्हणजे रात्रीची दुधाची बाटली. मुलगा तोंडात बाटली घेऊनच झोपायचा आणि आम्ही खूश, कारण झोपायचा तरी! दोन वर्षांचा होईपर्यंत वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी. खालचे मात्र पांढरेशुभ्र. मला कळेना, एकाच तोंडात असं कसं? तर चोखताना खालच्या दातांवर जीभ येते आणि तिथे लाळही भरपूर असते. दूध रेंगाळतं ते वरच्या दातांभोवती. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे धुऊन जायचंही बंद.

बाटली सोडवायला रोज दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त करत गेलो. शेवटी नुसतं पाणी उरलं तेव्हा त्याने ती स्वतःच भिरकावली. धाकटीच्या वेळी पहिला दात आल्यापासून ब्रश सुरू केला आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत डॉक्टरांना दाखवून आणलं. तेव्हा सासूबाई हसल्या होत्या.

आजोबा

अपराधी मीच. नातीला गोड कमी द्यायचं म्हणून मी एका बिस्किटाचे चार तुकडे करायचो आणि दोन तासांत एकेक द्यायचो. मला वाटायचं, किती शिस्त! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, चारही तुकडे एकदम द्या." गोड तोंडात गेलं की तिथले जंतू त्याचं आम्ल करतात, आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. माझ्या चार तुकड्यांमुळे दातांना दोन तास उसंतच मिळत नव्हती. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त नडतं.

मी तिचा घास स्वतः चाखून, फुंकून त्याच चमच्याने भरवायचो, तेही सांगून टाकलं. मोठ्यांच्या लाळेतून किडीचे जंतू मुलांच्या तोंडात जातात म्हणे. आता माझा चमचा वेगळा. आणि माझ्याही दोन दाढा भरून घेतल्या.

लहान अनुभव

आमच्याकडे खोकल्याचं गोड सिरप. ब्रश झाल्यावर, झोपताना द्यायचो. आता आधी औषध, मग ब्रश. बास.

काळ्या दातांची आई

मुलगी तेव्हा पावणेतीनची, खुर्चीत बसणं तर सोडाच, तोंडच उघडेना. पाच दात किडलेले. भूल देऊन सगळं एकदम करायचं किंवा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवायची, असे दोन रस्ते होते. हे द्रव नुसतं ब्रशने टिपतात, ड्रिल नाही, सुई नाही. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आम्ही ते निवडलं.

कीड थांबली. लोकांची तोंडं मात्र थांबली नाहीत. प्रत्येक समारंभात कुणीतरी विचारायचंच, "अगं, हिचे दात घासत नाहीस का?" उलट हे काळेपण म्हणजे उपचार झाल्याची खूण होती, हे किती जणांना समजावणार? शेवटी समजावणं सोडलं. पाच वर्षांची झाल्यावर ती शांत बसायला लागली, तेव्हा दोन दाढांवर स्टीलच्या कॅप बसवल्या. त्या ती सगळ्यांना आ करून दाखवते.

कुणाला घाई असेल तर हेही सांगते: कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली असेल किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल तर हा उपाय चालत नाही. त्याला वेगळे उपचार लागतात, आणि वाट बघायची नसते.

आता अकरा वर्षांच्या मुलीचा बाबा

आम्ही किडलेली दाढ काढून टाकली आणि मोकळे झालो. चार वर्षांची होती. जागा राखायला स्पेस मेंटेनर बसवा असं सांगितलं होतं, आम्ही "बघू" म्हणालो. सहाव्या वर्षी मागून पक्की दाढ आली ती सरळ त्या रिकाम्या जागेकडे सरकली. आता खालून येणाऱ्या दाताला जागा नाही, आणि तारा लावायचं चाललंय. "बघू" महागात पडलं.

नवीन आई

मुलगा दीड वर्षाचा. फ्लोराइडची पेस्ट गिळली तर?

दोन मुलांची आई

म्हणूनच तर एवढीशी घ्यायची! तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी दाखवतात ती विसर. ट्यूबवर १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड आहे का बघ. मोठा झाला की थुंकायला शिकव, पण नंतर खळखळून चूळ नको, थोडं फ्लोराइड दातांवर राहू दे. आणि सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश तूच कर. त्याच्या हातात दुसरा दे, खेळू दे.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. आमच्या दाढेची नस खराब झाली होती, उपचार करून परवा कॅप बसली. बाकीचे दात तपासताना डॉक्टरांनी तिचा वरचा ओठ उचलून हिरडीलगतची खडूसारखी पांढरी रेघ दाखवली. कीड तिथून सुरू होते, आणि या टप्प्यावर फ्लोराइडने मागे फिरू शकते. ती रेघ मी कितीदा पाहिली असेन, दुधाचा थर समजून.

आता रोज रात्री तिचं डोकं माझ्या मांडीत, पाय बाबाच्या, आणि ओठ वर करून तपासणी. काल तिने बाहुलीला तसंच आडवं पाडलं. बाहुलीचं तोंड शिवलेलं आहे, म्हणून खूप चिडली.