‘चांगला’ शेराही नडतो

साहेबांच्या घरच्या कार्यात पळापळ करणारा पुढे जातो आणि राबणाऱ्याच्या टेबलावर आणखी फायली येतात, आपल्या हातात काहीच नसतं, अशी नोकरदारांची नेहमीची तक्रार असते. त्यातलं पहिलं खोटं नाही. आमच्या बडोद्याच्या ऑफिसातही साहेबांसाठी आठवणीने लीलो चेवडो आणणारे होतेच. पण ‘आपल्या हातात काहीच नसतं’ हे मात्र पटत नाही, निदान केंद्र सरकारच्या नोकरीत तरी.

पूर्वी साहेब आपल्या वर्षभराच्या कामावर जो गोपनीय अहवाल लिहीत, त्यातला फक्त प्रतिकूल शेरा कळवत. बढतीला ‘अतिउत्तम’ लागायचं, साहेब गुपचूप ‘चांगला’ लिहून मोकळे! देव दत्त या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवायला लावला. 2009 पासून पूर्ण अहवाल हाती मिळतो आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात. आमच्यातल्या एका अबोल बाईंनी वर्षभरात निकाली काढलेल्या प्रकरणांची तारीखवार यादी जोडून हरकत घेतली. शेरा बदलला. साहेब पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण त्याआधी तरी कुठे बोलत होते म्हणा! खासगी नोकरीत असा हक्क नाही, तिथे वर्षभराच्या कामाच्या ईमेल जपून ठेवा.