अरेथा फ्रँकलिन: सुरुवात १९६७च्या अल्बमनेच का?

म्हापसेकर: पणजीच्या मित्राकडे अमेरिकन गायिका अरेथाचं 'रिस्पेक्ट' ऐकलं नि वेडच लागलं. तो म्हणतो, तिचा १९६७चा 'आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू' हा अल्बम आधी ऐक. पण त्याआधीही तिचे बरेच अल्बम आलेत ना?

फोंड्याचा पेटीवाला: आलेत, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडून. त्यांत आवाज तोच, पण भोवती जॅझचा नि व्हायोलिनांचा साज. मग अटलांटिक कंपनीचा निर्माता जेरी वेक्सलर याने तिला रेकॉर्डिंगसाठी अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं आणि पियानोवर बसवलं. वडील डेट्रॉइटला पाद्री, ती चर्चमध्ये गात वाढलेली. ते सगळं इथे मोकळं झालं. शीर्षकगीताची सुरुवात नीट ऐक. स्पूनर ओल्डहॅम इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटा तुकडा घोळवत राहतो आणि ती जवळजवळ एकटीच गाते. मी देवळात भजनाला पेटीची साथ करतो. गाणाऱ्याला जागा सोडणं किती कठीण, ते मला ठाऊक आहे. ओल्डहॅमला माझा दंडवत!

सांतइनेजची वाचक: 'रिस्पेक्ट' मूळ ओटिस रेडिंगचं, १९६५चं. तेही ऐका. एकेक अक्षर सुटं करून गाणं त्यात नाहीच, ते अरेथाचं. मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा, मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन. बाईने ते गाणं स्वतःचंच करून टाकलं.

म्हापसेकर: पेटीवाले बाब, 'डॉक्टर फीलगुड' यातलंच?

फोंड्याचा पेटीवाला: होय. पियानोही तिचाच. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव.